भागतं म्हणून पगारवाढ नको?

प्रश्न : मी एका कंपनीच्या हिशेब विभागात बरीच वर्षं काम करते. राहणी पहिल्यापासून साधी. फोन जुना आहे, बॅग उसवली तर शिवून वापरते, ऑफिसला चालत जाते, ऑफिसच्या सहलींना शक्यतो जात नाही. डोक्यावर कर्ज नाही आणि गाठीला बऱ्यापैकी शिल्लक आहे. यंदा माझ्याच पदावरच्या सहकाऱ्यापेक्षा मला कमी वाढ मिळाली. साहेबांना विचारलं तर ते सहज म्हणाले, ‘अहो, तुमचं काय, तुमचं भागतं की! त्याच्या मागे घराचे हप्ते आहेत.’ काटकसरीनं राहून मी स्वतःचं नुकसान करून घेतेय का? चारचौघांसारखं थोडं खर्चिक दिसायला हवं का? – एक वाचक

उत्तर : राहणी अजिबात बदलू नका. साहेबांचं ते वाक्य मात्र सोडून देऊ नका.

मी नोकरीची बहुतेक वर्षं कर्मचारी विभागात काढली. वाढीचे तक्ते माझ्या टेबलावरून जायचे, त्यामुळे हे आतून कसं चालतं ते सांगते. विभागाला वाढीसाठी ठरावीक रक्कम मिळते, समजा एकूण पगाराच्या सहा टक्के. ती सगळ्यांत वाटायची. तक्त्यात रकाने असतात : नाव, पद, सध्याचा पगार, पदाच्या वेतनश्रेणीत तो कुठे बसतो, वर्षभराचं मूल्यमापन, सुचवलेली वाढ आणि शेवटी शेरा. ‘गरज’ नावाचा रकाना मी एकाही तक्त्यात पाहिला नाही. पण विभागप्रमुख आधी पेन्सिलीनं आकडे टाकतात आणि पहिल्या फेरीत बेरीज हमखास सहाच्या वर जाते. मग कापाकापी सुरू होते. कुणाचा अर्धा टक्का काढला तर ओरड होणार नाही, एवढंच तेव्हा पाहिलं जातं. जो सोडून जाईल असं वाटतं त्याच्या आकड्याला हात लागत नाही. जो केबिनमध्ये येऊन जाब विचारेल त्याच्याही सहसा नाही. उरतो तो खाली मान घालून काम करणारा, कधी काही न मागणारा, ज्याचं नीट चाललंय असा सगळ्यांचा समज आहे तो. तिथं खोडरबर फिरतं. यात कुणाचा आकस असतो असं नाही, बेरीज जुळवायची घाई असते. म्हणूनच दर वर्षी त्याच माणसाच्या वाट्याला हे येऊ शकतं, आणि कुणाला त्याची टोचणीही लागत नाही.

तेव्हा तुमची वाढ जुन्या फोनपायी कापली गेली असं मला वाटत नाही. तुमच्याकडून विरोध येणार नाही या खात्रीनं ती कापली गेली. काटकसरी माणसांत मी हे पुष्कळदा पाहिलं आहे : मागणं त्यांना हावरटपणाचं वाटतं. मला याहून जास्त लागत नाही, मग तोंड कशाला वेंगाडायचं? स्वतःच्या खर्चापुरता हा विचार फार चांगला आहे. तोच कामाच्या मोबदल्याला लावला की घोटाळा होतो, कारण तुम्हाला किती लागतं यावर तुमच्या कामाची किंमत ठरत नाही.

तुम्हाला पडलेला प्रश्न जुना आहे. जर्मनीतले कामगार पुढारी फर्डिनांड लासाल यांनी १८६३ मध्ये कामगारांना हेच बजावलं होतं. मजुरी नेहमी जगण्यापुरत्या गरजेजवळच घुटमळते, असं त्यांचं म्हणणं. ग्राहक सहकारी संस्था काढून स्वस्तात माल घेतलात तर थोड्यांचा फायदा होईल, पण सगळ्याच कामगारांचा खर्च उतरला की मजुरीही तितकीच उतरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. कार्ल मार्क्स यांनी १८७५ मध्ये मजुरीच्या या तथाकथित ‘पोलादी नियमा’वर कडाडून टीका केली. पुढे औद्योगिक देशांत खरी मजुरी जगण्यापुरत्या पातळीच्या कितीतरी वर गेली. कामाची उत्पादकता, माणसांची टंचाई, संघटनांचा जोर यांनी ती वर नेली. म्हणजे काटकसर केली की पगार आपोआप घटतो, हे मनातून काढून टाका.

आता उलटं उदाहरण. फोर्ड कंपनीनं जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर द्यायचं जाहीर केलं, कारण आदल्या वर्षी माणसं इतकी सोडून जात होती की सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण ३७० टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात सरासरी तीन-चारदा नवा माणूस घ्यावा लागत होता. पण त्या पाच डॉलरांतला जवळजवळ निम्मा भाग ‘नफ्यातला वाटा’ होता आणि तो मिळवायला राहणी नीट असावी लागे. कंपनीचे तपासनीस कामगारांच्या घरी जाऊन स्वच्छता, दारू, बचत सगळं पाहत. तिथं काटकसरी माणसाचा फायदा व्हायचा. तरीही मला ती पद्धत पटत नाही, आणि तुमच्या साहेबांचं बोलणंही त्याच कारणानं पटत नाही : घरात डोकावून पगार ठरवायचा अधिकार कुणाला नसावा, निकाल आपल्या बाजूनं लागला तरीही.

‘हिला काय गरज आहे’ हे म्हणणं बायकांच्या बाबतीत तर फार काळ उघडपणे चाललं. घर पुरुष चालवतो, बाईचा पगार वरखर्चाचा, असं धरून त्याच कामाला तिला कमी द्यायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९५१ मध्ये समान मूल्याच्या कामाला समान वेतन हा करार संमत केला, त्यात मोजमाप कामाचं आहे. तुमच्या सहकाऱ्याचे हप्ते खरे असतील, त्याच्याबद्दल मनात कडवटपणा नको. पण त्यानं घर घेतलं हा त्याचा निर्णय आणि तुम्ही शिल्लक ठेवली हा तुमचा. एकाच्या निर्णयाची भरपाई दुसऱ्याच्या वाढीतून का व्हावी?

एक गणित मांडते, कारण काटकसरी माणसाला वाढीचं महत्त्व कमी वाटतं आणि हिशेब नेमका उलटा आहे. पगार १०० धरा, तुमचा खर्च ६०, शिल्लक ४०. आठ टक्के वाढ झाली आणि खर्च तेवढाच ठेवलात तर, करकपात बाजूला ठेवून, शिल्लक ४८ होते. म्हणजे पगार आठ टक्क्यांनी वाढला आणि बचत वीस टक्क्यांनी. खर्च वाढवत नेणाऱ्याच्या हातातून ती वाढ वर्षभरात निसटते. शिवाय वाढ वाढीवर चढते. १०० वर दर वर्षी चार टक्के मिळाले तर दहा वर्षांनी १४८ होतात, सात टक्के मिळाले तर १९७ च्या आसपास. तुमचे दर वर्षी खोडलेले ते अर्धे टक्के असेच साठत गेले आहेत. खर्च तुम्ही आणखी किती कमी करणार? त्याला कधीतरी तळ लागतोच.

आता तुमच्या शिल्लकीबद्दल. वर्षभर नोकरीशिवाय राहता येईल एवढे पैसे असतील तर ‘नाही’ म्हणायची ताकद तुमच्याकडे आहे, ती हप्तेवाल्या सहकाऱ्याकडे नाही. पण ही ताकद नुसती असून पगार वाढत नाही. डेव्हिड कार्ड, राज चेट्टी आणि आंद्रेआ वेबर या अर्थतज्ज्ञांचा २००७ मधला ऑस्ट्रियातल्या बेरोजगारांचा अभ्यास इथं लागू पडतो. नोकरी गेल्यावर ज्यांना दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम हातात मिळाली, त्यांनी नवी नोकरी धरायला जास्त वेळ घेतला, पण पुढची नोकरी सरासरीनं काही जास्त पगाराची निघाली नाही. पैशानं सवड मिळते. त्या सवडीत दुसरीकडे मुलाखती देणं, बाजारात आपल्या पदाला काय मिळतं ते शोधणं, एखादं अवघड कौशल्य शिकणं हे आपल्यालाच करावं लागतं.

मग साहेबांकडे जाल तेव्हा काय बोलाल? स्वतःच्या खर्चाचा शब्दही काढू नका. ‘मलाही खर्च आहेत’ म्हणालात की त्यांच्याच मैदानात उतरलात, आणि तिथं हप्तेवाला जिंकणार. असं काहीसं म्हणा : ‘गेल्या वर्षी ही ही कामं माझ्याकडे होती, त्यांतलं अमुक मी नव्यानं बसवलं, त्यामुळे महिनाअखेरचं काम इतक्या लवकर संपायला लागलं. माझ्या पदाच्या श्रेणीत माझा पगार खालच्या बाजूला आहे. पुढच्या फेरीत तो मध्यापर्यंत यावा, त्यासाठी माझ्याकडून काय हवं ते सांगा.’ मग थांबा. गप्पपणा भरून काढायला ‘जमलं तर बघा’ असं जोडू नका. पुन्हा ‘तुमचं भागतं’ आलंच, तर शांतपणे म्हणा, ‘ते माझ्या घरचं झालं, मी कामाबद्दल बोलतेय.’ बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मुद्दे लिहून त्यांना पाठवा, आणि हे सगळं आकडे ठरण्याच्या महिना-दोन महिने आधी करा. पत्र हातात पडल्यावर खोडायला पेन्सिल उरलेली नसते.

सहलींचं थोडं टोचतं मला. पैसे वाचवायला जात नसाल तर ज्यात खर्च नाही त्या बैठकीला, निरोपसमारंभाला तरी जा. नवं काम कुणाकडे द्यायचं हे पुष्कळदा अशा गप्पांत ठरतं, आणि चांगलं काम हाती असल्याशिवाय चांगली वाढ मागता येत नाही. आणि हो, आपण किती कमी पैशांत राहतो हे ऑफिसात सांगत बसू नका. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ती माहिती तिथं कुणाला लागत नाही.

प्रश्न : नव्या नोकरीच्या अर्जात ‘अपेक्षित पगार’ लिहायचा आहे. माझं थोडक्यात निभतं, म्हणून कमी आकडा लिहिला तर निवडीची शक्यता वाढेल का? – एक तरुण वाचक

उत्तर : फार थोडी वाढेल, आणि त्याची किंमत पुढे बरीच वर्षं मोजाल. पहिला आकडा समोर आला की माणसाचं मन त्याच्याभोवती फिरतं. आमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनमन यांनी १९७४ मध्ये हे दाखवलं. १० किंवा ६५ वरच थांबेल अशा बेतानं बनवलेलं चक्र फिरवून लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा उत्तराशी काहीही संबंध नव्हता! तुमच्या आकड्याचा तर पगाराशी थेट संबंध आहे.

त्या पदाला तिथं काय मिळतं ते त्याच क्षेत्रातल्या दोघातिघांना विचारा, जाहिरातींतले आकडे पाहा, आणि त्या पट्ट्यातला वरच्या बाजूचा, कामाच्या आधारावर समर्थन करता येईल असा आकडा लिहा. रकाना रिकामा सोडता येत असेल तर आधी त्यांचा आकडा ऐका. सध्याचा पगार विचारला तर खोटं सांगू नका, पण आपण होऊन सांगूही नका. कॅलिफोर्नियासारख्या काही ठिकाणी मालकांना तो विचारायला कायद्यानंच मनाई आहे, यावरून तो एक आकडा माणसाला किती काळ खाली ओढतो याचा अंदाज येईल.