'नेट वर्थ'ला 'मालमत्ता' म्हणावं का?

नांदेडच्या एका वाचकांची विचारणा आहे: "'तुमच्या वयाच्या लोकांच्या तुलनेत तुमचं नेट वर्थ किती?' हे मराठीत लिहायचंय. 'मालमत्ता' चालेल का? आणि 'तुमच्या वयाचे लोक' याला सुटसुटीत शब्द कोणता?"

'मालमत्ता' नको. मालमत्तेतून देणं वजा होत नाही, आणि नेट वर्थमध्ये तर सगळं महत्त्व त्या वजाबाकीलाच आहे. निवडणुकीच्या शपथपत्रात जंगम, स्थावर आणि दायित्वं वेगवेगळी मांडलेली असतात. बातमीत मात्र बहुधा पहिल्या दोहोंचीच बेरीज येते. लिहिताना 'निव्वळ संपत्ती' म्हणावं. 'नक्त मूल्य' बरोबर आहे, पण ते ताळेबंद वाचणाऱ्यांपुरतंच. 'निव्वळ मालमत्ता मूल्य' टाळाच, तो शब्द म्युच्युअल फंडाच्या युनिटच्या भावासाठी रूढ आहे. बोलताना आपल्याकडे 'देणं-पाणी वजा जाता किती उरतं?' असं सहज विचारतात, आणि त्यात अर्थ पुरता येतो.

'मिळकत' सर्वांत घातक. तिचा अर्थ कमाईही होतो आणि घर-जागाही (मिळकत पत्रिका). पगार निव्वळ संपत्तीत धरायचा नसतो. ती एका तारखेची शिल्लक असते, म्हणून '31 मार्चअखेर' असं लिहावंच. 'जायदाद' मराठवाड्यात अजून कानावर येतो, निजामी काळात कारभार उर्दूतून चाले त्याची ही खूण. पण त्यात वडिलोपार्जित जमीन-वाड्याचा वास जास्त. 'ऐपत' म्हणजे देणं फेडण्याची ताकद. तहसीलचं ऐपत प्रमाणपत्र म्हणजे निव्वळ संपत्तीचा दाखला नव्हे.

मांडणी अशी: फ्लॅट 42 लाख, पीएफ 5.5, सोनं 3, बँकेत 1.5, एकूण 52. देणं: गृहकर्ज 29, गाडीचं 3, सोसायटीचं पीककर्ज 1.5, हातउसने 0.5, एकूण 34. निव्वळ संपत्ती 18 लाख. फ्लॅट आजच्या बाजारभावाने धरा, कर्ज मात्र आजच्या बाकीने; उचललेली मूळ रक्कम इथे कामाची नाही.

जमिनीत घोळ होतो. 7/12 वर 'इतर हक्क'मध्ये बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद) दिसतो, पण कर्ज फिटूनही बोजा कमी करण्याचा फेरफार राहिला असेल तर जुनाच आकडा तिथे असतो. सोनं गहाण टाकून काढलेलं कर्ज तर तिथे येतच नाही. म्हणून बाकी बँकेच्या खातेउताऱ्यावरूनच घ्यावी. 7/12 सामाईक असेल तर पूर्ण क्षेत्र आपल्या नावे धरू नका, हिश्श्यापुरतं धरा. इनामी जमीन भोगवटादार वर्ग 2 असेल तर तिच्या विक्रीवर सहसा बंधनं असतात, तेव्हा तिला शेजारच्या, तशी बंधनं नसलेल्या वर्ग 1 च्या रानाचा भाव लावणं चुकीचं.

'तुमच्या वयाचे लोक' याला 'समवयस्क' हा पुस्तकी शब्द आहे. गावाकडे 'वारगीचे' म्हणतात, आणि तो मला फार नेमका वाटतो. 'बरोबरीचे'ही चालतं, पण त्यात ऐपतीने बरोबरीचे असाही अर्थ निघतो; तुलनेच्या वाक्यात तो नको.

आता 'सरासरी'. पाच वारगीच्यांची निव्वळ संपत्ती 8, 11, 14, 19 आणि 148 लाख असेल तर सरासरी 40 येते, आणि चौघंही मागे पडल्यासारखे दिसतात. अशा ठिकाणी 'मध्यक' (चढत्या क्रमात मधोमध येणारा आकडा) हवा, तो 14. केंद्र सरकारच्या 2019 च्या कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षणातले आकडे (ग्रामीण सुमारे 15.92 लाख, शहरी 27.17 लाख) लोक सर्रास वापरतात, पण ते अख्ख्या कुटुंबाचे आहेत, सरासरीचे आहेत आणि मालमत्तेचे आहेत, देणं वजा न केलेले. तिशी-पस्तिशीतल्या एकट्या माणसाची निव्वळ संपत्ती त्यांच्याशेजारी ठेवता येत नाही.

तुमचं वाक्य असं करा: 'देणं वजा जाता तुमच्या हाती किती उरतं, आणि तुमच्या वारगीच्यांत मधल्या माणसाकडे किती?'