आईंच्या कपाळावरचं गोंदण एआयने पुसलं, तो फोटो चढवू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. आई ६८ वर्षांच्या. दिवाळीनंतर भावाकडे न्यू जर्सीला जायचा बेत आहे, म्हणून अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, म्हणजे डीएस-१६० फॉर्म, भरायला घेतलाय. घोडबंदर रोडच्या घरी हॉलमध्ये मोबाइलवर फोटो काढलात आणि एआयला सांगितलंत, "बॅकग्राउंड पांढरं कर, चष्मा काढ, अमेरिकेच्या व्हिसाच्या मापात बसव." फोटो देखणा आला, फॉर्मने तो घेतलाही. फक्त आई म्हणाल्या, "ही मी वाटत नाही गं." आणि सात महिन्यांच्या लेकीच्या पासपोर्टचा फोटोही असाच करून घ्यावा का, हा दुसरा प्रश्न.

मी नेरुळला राहते. वाशीतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत १७ वर्षं व्हिसाच्या फाइली लावल्या, त्यामुळे परत आलेले फोटो बरेच पाहिलेत. तुमच्या आईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. तो फोटो काढून टाका.

तुम्ही दिलेले दोन्ही फोटो, मूळ आणि एआयचा, मी शेजारी ठेवून मोठे करून पाहिले. मूळ फोटोत दोन भुवयांच्या मधे फिकट हिरवं गोंदण आहे आणि हनुवटीवर तीन ठिपके. एआयच्या फोटोत कपाळ कोरं आहे आणि हनुवटीवर एकच ठिपका उरलाय, तोही तिळासारखा तपकिरी. वर्षानुवर्षं कुड्या घालून आईंच्या कानाची पाळी ओघळलीय, भोक लांबट झालंय. एआयने ती पाळी एखाद्या तरुण मुलीसारखी गोल करून दिली. डोळ्यांचं तर विचारूच नका. चष्म्याच्या काचेत खिडकीची चमक होती, तिच्यामागे डाव्या डोळ्याची पापणी झाकली गेली होती. चष्मा काढल्यावर तिथे जी पापणी दिसते ती आईंची नाही, ती एआयने मनाने काढलीय. उजवी पापणी वयाने थोडी खाली आलीय, डावी मात्र ताठ. म्हणूनच आईंना ते तोंड परकं वाटलं असणार.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे दुसरं ॲप वापरून बघू असं वाटणार नाही. मजकूर लिहून सांगितलं की चित्र बदलून देणारी ही साधनं मूळ फोटोवर खोडरबर चालवत नाहीत. बहुतेक वेळा ती सगळा फोटो आपल्या आत आकड्यांच्या रूपात आटवून घेतात आणि त्यावरून चित्र पुन्हा नव्याने काढतात. सांगितलं फक्त बॅकग्राउंडचं, तरी चेहराही त्या घाण्यातून निघतो. तीळ, व्रण, गोंदण, देवीचे वण असे बारीकसारीक तपशील त्यात सगळ्यात आधी पुसले जातात, कारण गुळगुळीत चेहऱ्याची लाखो चित्रं पाहून ही साधनं शिकलेली असतात. शिवाय काही कंपन्या आपल्या एआयने बनवलेल्या चित्रांत तशी खूणही ठेवतात. गूगल तर डोळ्यांना न दिसणारी खूण चित्रातच मिसळते. तेव्हा "कोणाला कळणार आहे" या भरवशावर राहू नका.

आता नियम. अमेरिकेच्या व्हिसाला चौरस फोटो लागतो, छापील असेल तर २ इंच बाय २ इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर. ऑनलाइन चढवायचा तर जेपीईजी, कमीत कमी ६०० बाय ६०० आणि जास्तीत जास्त १२०० बाय १२०० पिक्सेल, फाइल २४० केबीच्या आत. हनुवटीपासून टाळूपर्यंतचं डोकं फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के. पार्श्वभूमी पांढरी किंवा पांढरट, फोटो गेल्या सहा महिन्यांतला. चष्मा १ नोव्हेंबर २०१६ पासून बंद आहे. आणि माणसाचं दिसणं बदलेल असा कुठलाही डिजिटल फेरफार चालत नाही. अमेरिकेच्या पासपोर्टच्या सूचनांमध्ये तर फिल्टर आणि एआय यांना नाव घेऊन मनाई आहे. तुमचे भाऊ तिकडे आपला भारतीय पासपोर्ट नवा करणार असतील तर त्यांनाही सांगा: परदेशातल्या अर्जांसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून ६३० बाय ८१० पिक्सेलचा फोटो लागतो, चेहरा ८० ते ८५ टक्के, आणि सॉफ्टवेअरने फेरफार नको असं तिथेही लिहिलंय.

"पण साइटने तर फोटो घेतला!" असं तुम्ही म्हणाल. साइट फाइलचा आकार, माप, बॅकग्राउंड असलं काही तपासते. आईंच्या कपाळावर गोंदण असतं हे तिला ठाऊक नाही. मुलाखतीला मात्र आई गोंदणासकट काचेसमोर उभ्या राहणार, आणि पलीकडच्या माणसाच्या स्क्रीनवर कोऱ्या कपाळाची बाई असणार. ६८ वर्षांच्या बाईला पहिल्यांदाच परक्या देशाच्या अधिकाऱ्यासमोर उभं करताना तिच्या मनात "फोटोत मी नाहीच" ही भीती कशाला घालायची? मला हे फार मनाला लागतं, कारण घरात एकदा सोसलंय.

२०१९ मध्ये सासूबाईंना घेऊन आम्ही युरोपला जायचं ठरवलं. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, तो मी घाईत एका स्टुडिओत काढून घेतला. तेव्हा हे एआय नव्हतं, पण स्टुडिओतलं टचिंग होतंच. पोराने कौतुकाने सासूबाईंच्या गालावरचा मोठा चामखीळ साफ केला आणि रंगही दोन छटा उजळवला. पाकिटातून फोटो काढून मी नीट बघितलेच नाहीत. फाइल द्यायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने फोटो पाहिला, सासूबाईंकडे पाहिलं, परत फोटो पाहिला आणि दुसरा आणायला सांगितलं. भर उन्हात त्यांना घेऊन फोटोवाला शोधत फिरले. परतीच्या गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "माझा चामखीळ तुम्हाला एवढा खुपतो का गं?" त्यानंतर एजन्सीत कोणाचाही फोटो माणसाशेजारी धरून पाहिल्याशिवाय मी फाइलला लावला नाही.

देश एवढे कडक का झालेत, त्यालाही कारण आहे. दोन माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळून असा फोटो बनवता येतो की विमानतळावरचं यंत्र दोघांनाही तोच माणूस मानतं. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्येच हे दाखवून दिलं होतं. जर्मनीने याच धास्तीने १ मे २०२५ पासून पासपोर्ट आणि ओळखपत्रासाठी घरून आणलेले कागदी फोटो घेणं बंद केलं. तुम्ही प्रामाणिकपणे बॅकग्राउंड बदललं असेल, पण तपासणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की फोटोला हात लागलाय.

मग घरी फोटो काढूच नये का? जरूर काढा. आईंना घरीच मोकळं वाटेल. फक्त जे एआयकडून करून घेणार होतात ते क्लिक करायच्या आधी करा.

हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली काढू नका, चेहरा हिरवट पडतो आणि डोळ्यांखाली सावली येते. सकाळी साडेनऊ-दहाला, जिथे थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा. आईंचं तोंड खिडकीकडे, पाठ आतल्या भिंतीकडे, आणि तुम्ही खिडकीला पाठ करून थोडं बाजूला, त्यांचा उजेड अडणार नाही असे. पावसाळी ढगाळ उजेड तर फारच उत्तम, सगळीकडून सारखा पडतो. भिंत क्रीम किंवा पिस्ता रंगाची असेल तर पांढरी चादर इस्त्री करून कपाटाच्या दारावरून ताणून सोडा. इस्त्री टाळू नका, चुण्यांच्या रेषा फोटोत उठून दिसतात. आईंना चादरीला टेकवून उभं करू नका, हात-दीड हात पुढे घ्या, म्हणजे मागे सावली पडत नाही. गुडघे दुखत असतील तर पाठ नसलेल्या स्टुलावर बसवा. पांढऱ्या चादरीसमोर पांढरी किंवा फिकट साडी नको, खांदे विरघळून जातात. गडद निळी, डाळिंबी, बाटली हिरवी, काहीही चालेल.

चष्मा फोटोआधी पंधरा-वीस मिनिटं काढून ठेवा, नाकावरचे वळ तेवढ्यात उतरतात. डोक्यावर पदर घेत असतील तर तेवढ्यापुरता खांद्यावर घेऊ द्या. धार्मिक कारणाने रोजच डोकं झाकलं जात असेल तर गोष्ट वेगळी. कुंकू, टिकली रोजची असेल तर राहू द्या. माझ्या हातून गेलेल्या फाइलींत टिकलीमुळे फोटो परत आल्याचं एकदाही झालं नाही. हसू नको, पण "तोंड मिटा" असंही म्हणू नका, त्याने माणूस ओठ आवळतो. मी सांगायचे, "श्वास सोडा." श्वास सोडताना चेहरा आपोआप सैल होतो.

कॅमेरा मागचा वापरा. सेल्फी हातभर अंतरावरून काढली की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, त्यात काही फोनमध्ये सेल्फी आरशासारखी उलटी साठते आणि डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे जातो. पाच-सहा फुटांवर उभं राहून झूम २एक्स करा, फोन आईंच्या डोळ्यांच्या उंचीला धरा. पोर्ट्रेट मोड बंद, कारण तो केसांच्या आणि कानांच्या कडा खातो. ब्यूटी मोड सेटिंगमध्ये जाऊन बंद आहे ना ते बघा, कित्येक फोनमध्ये तो न सांगता चालू असतो. डोक्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडा, कापायला सोपं जातं. वीस-पंचवीस फोटो काढा, त्यातला एखादाच चांगला निघतो.

मग गॅलरीतल्या साध्या एडिटरमध्ये चौरस क्रॉप, आकार ६०० ते १२०० पिक्सेलमध्ये आणणं आणि केबी कमी करणं, एवढंच. यात माणूस बदलत नाही. फोटो वाकडा आला असेल तर सरळही करा. बॅकग्राउंड बदलायचा मोह मात्र टाळा. केसांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखी रेघ येते, आणि वयस्कर बायकांच्या पांढऱ्या बारीक बटा तर पांढऱ्यात पांढऱ्या नाहीशाच होतात. त्यापेक्षा चादर ताणायला दहा मिनिटं लागतात. एआयचा उपयोग करायचाच असेल तर त्याला विचारा, "डोकं फोटोच्या किती टक्के आहे, मागे सावली दिसते का?" तरी माप स्वतः ताडून घ्या, कारण ते आत्मविश्वासाने चुकीचा आकडाही सांगतं. नाव न ऐकलेल्या फुकट ॲपवर आईंचा चेहरा चढवूच नका. तो पुढे कुठे साठतो ते आपल्याला बघता येत नाही.

फोटो भावाला पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो.

आता लेकीबद्दल. भारतीय पासपोर्टसाठी मोठ्या माणसांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात, वागळे इस्टेटच्या केंद्रातही तसंच, त्यामुळे तुम्हाला स्वतःचा फोटो न्यायचं कारण नाही. चार वर्षांखालच्या मुलांचा मात्र छापील फोटो न्यावा लागतो: ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. इथे एआयचा मोह सगळ्यात मोठा, मिटलेले डोळे उघडून घ्यायचे, आईचा हात पुसायचा. नको. बाळाचा चेहरा तसाही महिन्या-महिन्याला बदलतो, त्यात आणखी खोटी भर कशाला?

लेकीचं पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना खिडकीजवळ जमिनीवर गादी घाला, वर तीच इस्त्रीची पांढरी चादर. तिला उताणी निजवा. एकाने वरून सरळ खाली फोन धरायचा, स्वतःची सावली तिच्यावर पडू न देता. दुसऱ्याने फोनच्या अगदी मागे खुळखुळा वाजवायचा, बाजूला नाही, नाहीतर मान वळते. दुपटं, चोखणी, हात, काही फ्रेममध्ये नको. काजळ त्या दिवशी घालू नका, डोळ्यांची कड फासते. गालावरची तीटही पुसून घ्या, खरोखरच्या ओल्या कापसाने. तोंड मिटलेलं आणि डोळे उघडे असा क्षण येईपर्यंत शंभर फोटो झाले तरी चालतील. कंटाळली तर सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी काढा.

छापायला ४ बाय ६ इंचाच्या एका कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसतात, अमेरिकेच्या मापाचे सहा. स्टेशनजवळच्या कुठल्याही लॅबमध्ये मिळेल, पण दोन गोष्टी आधी सांगा: "टचिंग करू नका" आणि "मापात छापा, कागदाला फिट करू नका." फिट केलं की ३५ चे ३७ होतात आणि काउंटरवर पट्टी लागते. कापायच्या आधी दुकानातच पट्टी लावून बघा, आणि आईंना सोबत नेलंत तर प्रिंट त्यांच्या चेहऱ्याशेजारी धरा. तीन ठिपके हनुवटीवर मोजता आले की पैसे द्या.