जावास्क्रिप्टमध्ये ॲरेची (यादीची) स्ट्रिंग (सलग मजकूर) कशी काय झाली?

प्रश्न: स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वर व्हार नेम (var name, म्हणजे नेम नावाचं व्हेरिएबल) लिहून त्यात दोन नावांचा ॲरे ठेवला, पण लेंथ (लांबी) दोनऐवजी भलतीच येते. व्हेरिएबलचं नाव बदललं की सगळं नीट! असं का?

उत्तर: फंक्शनच्या बाहेर व्हारने केलेलं व्हेरिएबल ब्राउझरमध्ये थेट विंडो ऑब्जेक्टवर (ब्राउझरच्या त्या टॅबसाठीच्या मुख्य ऑब्जेक्टवर) जाऊन बसतं, आणि विंडोकडे नेम नावाची प्रॉपर्टी (स्वतःची किंमत ठेवायची जागा) आधीपासूनच असते, तिच्यात काहीही टाका ती त्याची स्ट्रिंगच करते, म्हणून तुमची दोन नावं मधे स्वल्पविराम घालून एक झाली आणि लेंथ आली ती अक्षरांची. वर पेज रिफ्रेश केलं तरी त्या टॅबमध्ये नेममधली किंमत तशीच राहते, म्हणजे डोक्याला ताप. २०१५ पासून व्हारऐवजी लेट-कॉन्स्ट (let, const) आहेत की, तेच वापरा, बाहेर लिहिले तर ग्लोबलच (सगळीकडून वापरता येणारे) असतात पण विंडोवर चढत नाहीत.