स्वतःचे मत बनवताना

आपण स्वतंत्र विचाराचा सराव नुकताच सुरू केला आहे, म्हणून आधी हे सांगतो की बाहेरचा प्रभाव बहुधा आपल्याच मताचा आवाज घेऊन येतो आणि त्यामुळेच तो ओळखणे अवघड जाते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात, तीन रेषांपैकी कोणती रेषा दिलेल्या रेषेएवढी आहे, इतका सोपा प्रश्न लोकांना विचारला. परंतु खोलीतील इतर सर्व जण ठरवून चुकीचे उत्तर देत असताना सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून बहुमताची री ओढली. एकच साथीदार खरे बोलला की हे झुकणे बरेच कमी होई, आणि मला हाच भाग अधिक मोलाचा वाटतो.

म्हणून चर्चेत इतरांचे ऐकण्यापूर्वी आपले मत आणि त्यामागची कारणे दोन ओळींत लिहून ठेवावीत. नंतर मत बदलले, तर ते नव्या पुराव्यामुळे बदलले की केवळ एकटे पडण्याच्या भीतीने, हे त्या कागदावरून लगेच ताडता येते. वारंवार कानावर पडलेले विधान खरे वाटू लागते, तेव्हा ओळखीचे वाटणे हा पुरावा धरू नये. संताप आणणारा मजकूर एक रात्र तसाच ठेवावा.

मात्र सरसकट विरोध म्हणजे स्वातंत्र्य, असे कृपया समजू नका. जाणकारांचे अवश्य ऐकावे, फक्त "हे आपल्याला कशावरून कळले?" असे विचारण्यात संकोच करू नये.