भुरूचं कुणी ठरवायचं?

"म्हाताऱ्या कुत्र्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं तर आम्हीच त्याला मारलं असं होईल का हो?" हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. बहुतेक वेळा माणसं दुसऱ्याच कारणानं आलेली असतात. कुणाला झोप लागत नाही, कुणाची घरात सतत भांडणं होतात. निघता निघता, दाराशी उभं राहून, ओशाळून हे विचारतात. कुत्र्यासाठी समुपदेशकाकडे गेलो हे कळलं तर लोक हसतील, ही धास्ती असते. इंदूरच्या अशाच एका मराठी घराची गोष्ट सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सुदामानगरमधल्या या ताईंना वसुधाताई म्हणू. घरात नवरा, दहा वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि साडेतेरा वर्षांचा लॅब्रेडॉर भुरू. मागचे पाय गेलेले, त्यात किडनी निकामी होत चाललेली. घरीच कातडीखाली सलाइन द्यायचं. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून झालं होतं. तिथल्या डॉक्टरांचं आणि नेहमीच्या डॉक्टरांचं मत एकच होतं: आता तो बरा होणार नाही, त्याला शांतपणे झोपवावं. सासूबाई म्हणत, "ज्याचे भोग त्यानं भोगूनच जायचं. मध्ये पडलो तर पाप आपल्या माथी." नवरा गप्प.

वसुधाताईंचं एक वाक्य दर भेटीत यायचं. "झोपेतच, आपणहून गेला तर किती बरं होईल!" एके दिवशी मी त्या वाक्यापाशी थांबले.

"म्हणजे कुणी ठरवायचं?"

"कुणीच नाही."

"रोज सलाइन द्यायचं की नाही, हे कोण ठरवतं?"

"मीच."

"लस कधी, जेवायला काय, फिरायला किती वाजता?"

"मीच. पोहेसुद्धा त्याच्यासाठी बिनकांद्याचे वेगळे काढते, कांदा कुत्र्यांना बाधतो ना." जरा हसल्या. "तेरा वर्षं सगळं मीच ठरवलंय."

"मग एवढी एकच गोष्ट त्यानं स्वतः करावी, असं का वाटतं?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "कारण मग माझ्या अंगावर येणार नाही."

एवढ्या वर्षांच्या कामात मला ज्या क्षणांचं समाधान वाटतं, त्यांत हा एक आहे. त्या घरातलं प्रत्येक माणूस भुरूवर जीव टाकत होतं आणि प्रत्येकजण नकळत त्याच्याकडेच शेवटची जबाबदारी ढकलत होतं: तूच सुटका करून घे, म्हणजे आम्ही मोकळे. ज्याला उठून पाण्यापर्यंत जाता येत नव्हतं, त्याच्यावर केवढं हे ओझं! वसुधाताईंना हे दिसलं आणि त्या ढसाढसा रडल्या. पण त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात "पाप" कमी झालं आणि "कधी?" हा प्रश्न आला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या, म्हणजे मनाला छळणारे विचार तपासून बदलण्याच्या वाटेनं मी काम करते. त्यातली एक गोष्ट मला अशा वेळी फार मोलाची वाटते: दुःख आणि अपराधगंड वेगळे ठेवायचे. जिवलग जातोय याचं दुःख होणारच, ते कमी करायला मी जात नाही. "मी निर्दयी आहे" हा निवाडा मात्र तपासून पाहायचा.

सासूबाई एकदा स्वतः आल्या. "तुम्ही पाप मानत नाही का?"

"मानते, आजी. आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलं होतं?"

"काही करा, पण दुखू देऊ नका."

माणसाचं आणि प्राण्याचं सारखं नसतं, कायदाही वेगळा आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आपल्याकडच्या १९६० च्या पशुक्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तर, काही प्राण्यांना जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरू शकते, हे मान्य केलं आहे. आजींना पटलं नाही. पण म्हणाल्या, "मी अडवणार नाही." तेवढं पुरेसं होतं. घरातल्या सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबू नका, जनावराला तेवढा वेळ नसतो.

"कधी?" याचं उत्तर शोधायला ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंची, आजारी प्राण्याचं जगणं कितपत सुसह्य आहे हे मोजणारी मोजपट्टी उपयोगी पडते. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. या घरात मुलानं ती सोपी केली. भुरूनं शेपटी हलवली आणि आपणहून खाल्लं, की त्या दिवशी कालनिर्णयवर बरोबरची खूण. खुणा विरळ होत गेल्या, तेव्हा कुणाला काही समजवावं लागलं नाही.

मुलांना "गावाला पाठवला" किंवा "झोपला" असं सांगू नका. पहिलं खोटं उघडं पडतं, दुसऱ्यानं काही मुलांना रात्री झोपायचीच भीती वाटू लागते. औषधानं त्याचं हृदय थांबेल, त्याला दुखणार नाही, तो परत येणार नाही, एवढं सरळ सांगा. तिथे थांबायचं की नाही, हे मुलाला ठरवू द्या.

मोठ्यांनीही आधी माहिती घ्यावी. साधारणपणे डॉक्टर आधी गुंगीचं औषध देतात, मग शिरेतून दुसरं. डोळे उघडेच राहू शकतात, नंतर एखादा श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसते, लघवी होते. ते दुखण्याचं लक्षण नाही. सही, पैसे, पुरायचं की दहन, हे सगळं आदल्या दिवशीच उरका, म्हणजे त्या वेळी हात फक्त त्याच्या अंगावरून फिरायला मोकळे राहतात. जमत असेल तर त्याच्याजवळ थांबा. ज्यांना नाहीच जमत, त्यांनी त्याचा गुन्हा मानू नये.

भुरू गेल्यावर महिन्याभरानं वसुधाताई आल्या. डोळे भरलेले होते. "सकाळी पोहे करताना हात आपोआप बिनकांद्याचे बाजूला काढतो," म्हणाल्या. "मी मारलं" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. झोप लागत होती, जेवण जात होतं, म्हणून पुढची भेट मी ठरवली नाही. खाणं, झोप, काम बरेच आठवडे विस्कटलेलंच राहिलं तर मात्र जरूर मदत घ्यावी.

नवीन पिल्लू लगेच आणावं का, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरातला प्रत्येकजण हो म्हणेपर्यंत नको, इथे मात्र एकमत हवंच. आजी अजून नाही म्हणतात. मुलगा दिवाळीनंतर पुन्हा विचारणार आहे.