सजीव देखाव्यासाठी रंग बदलणारे लाइट बसवलेला मुखवटा घरी कसा करावा?

तुम्ही विचारलंय की गणपतीच्या सजीव देखाव्यात राक्षसाचा मुखवटा करायचाय, रंग मोबाइलवरून बदलायचेत, आणि घालणारा पोरगा रोज दोन-अडीच तास उभा राहणार. तर कुठले लाइट घ्यावेत? मी बेळगावातल्या शहापूरचा. आमच्या गल्लीच्या देखाव्यासाठी दोन वर्षं नरसिंहाचा मुखवटा केलाय. लाइटचं सांगतोच, पण आधी पोराचं बघू.

पहिल्या वर्षी आम्ही उलटं केलं. लाइट आधी चिकटवले, डोळ्यांची भोकं मागाहून पाडली. खांब फुटला, लाइट लागले आणि नरसिंह बाहेर आला तो थेट हिरण्यकश्यपूच्या पायावर. आतून आवाज, "अरे, काय बी दिसेना की रे!" माइक चालूच होता. पट्टीचा उजेड आतल्या कोऱ्या कागदावर पडून त्याच्याच डोळ्यांत जात होता. म्हणून मुखवटा आतून काळा रंगवा, चकाकणारा नाही, मॅट. आणि बघायची जागा मुखवट्याच्या डोळ्यांत ठेवूच नका, उघड्या जबड्यात ठेवा. तिथं काळी जाळी लावली की बाहेरून अंधार दिसतो आणि आतून रस्ता. श्वासही तिथूनच. खडे बाजारात जाळीचं कापड सहज मिळतं.

साचा शाडूचा, त्यावर वर्तमानपत्राचे सहा-सात थर. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कागद वाळता वाळत नाही, तेव्हा पंख्याखाली ठेवा आणि दोन थर खडखडीत झाल्याशिवाय तिसरा लावू नका. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. तोंडावर बसणाऱ्या वस्तूत ते विष नको, थोडं फेव्हिकॉल मिसळा. शेवटी बाहेरून व्हार्निश. आत जुन्या हेल्मेटचे पट्टे बसवले तर भार नाकावर न येता डोक्यावर येतो.

आता लाइट. डब्ल्यूएस२८१२बी नावाची ५ व्होल्टची पट्टी घ्या, मीटरला ६० दिव्यांची. तिच्यातल्या प्रत्येक दिव्यात चिप असते, त्यामुळे एकाच डेटा वायरवरून हरेक दिव्याला वेगळा रंग देता येतो. पट्टीवर बाण छापलेला असतो. डेटा बाणाच्या दिशेनंच जातो, उलट जोडलीत तर काहीच पेटणार नाही. कापायची ती तांब्याच्या ठिपक्यांवरच. आयाळीला आणि भुवयांना मिळून मला एक मीटर पुरली. वरून पॅकिंगचा पातळ पांढरा फोम लावा, नाहीतर आयाळीऐवजी लग्नमांडवाची माळ दिसते.

एक गंमत. रागानं लाल व्हायचे डोळे तालमीत हिरवेगार झाले. या चिपा लाल-हिरवा-निळा या क्रमानं नाही, हिरवा-लाल-निळा या क्रमानं रंग घेतात. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'जीआरबी' (ग्रीन-रेड-ब्लू) निवडलं की झालं. आम्ही अख्खी संध्याकाळ सोल्डरिंग तपासत बसलो होतो.

पॉवरचा हिशोब मात्र नीट करा. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर ओढतो; ६० दिवे म्हणजे ३.६ अँपिअर. साधी पॉवर बँक तिथं मान टाकते. पण तेवढा उजेड हवाय कोणाला? अंधाऱ्या मांडवात २५५ पैकी ६० ब्राइटनेस भरपूर होतो, आणि मग पांढऱ्यालाही एक अँपिअरच्या आतच भागतं. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर तुमचे अडीच तास आरामात निघतात. ती कमरेला बांधा, वायर पाठीवरून वर न्या. सुटे लिथियम सेल तोंडाजवळ कोणी कितीही सांगितलं तरी नको. आणखी एक खोड: लाइट काळे करून थांबलात की काही पॉवर बँका 'काम संपलं' समजून झोपतात. पहिल्या वर्षी लाइट चालवायला आर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड होता, तेव्हा आमचं तसंच झालं. काळ्याऐवजी अगदी मंद निळा ठेवा.

मोबाइलवरून चालवायचं तर ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड घ्या आणि त्यात 'डब्ल्यूएलईडी' हे फुकटचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरच्या क्रोममधूनच चढवा. कोडची एक ओळ लिहावी लागत नाही. दिव्यांची संख्या, रंगक्रम आणि मिलिअँपिअरची मर्यादा भरा, प्रसंगवार रंग साठवून ठेवा. ते स्वतःचा वायफाय काढतं, त्यामुळे गर्दीत नेटवर्क गेलं तरी अडत नाही. पासवर्ड तेवढा बदला, मूळचा सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या मंडळाच्या पोरांनी तुमचा राक्षस गुलाबी केला तर मला बोलू नका. या बोर्डांचा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, पट्टीला ५ च्या आसपास हवा असतो. पहिला दिवा लुकलुकायला लागला तर मध्ये सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारी ७४एचसीटी१२५ ही आयसी टाका. डेटा वायरवर ३३० ओहमचा रेझिस्टर आणि पॉवरच्या दोन टोकांत १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर तर टाकाच, त्याची प्लस-मायनस बाजू बघून. बोर्ड आणि पट्टी यांचा ग्राउंड, म्हणजे मायनस, एकच.

वायर तुटते ती नेहमी सोल्डरच्या जोडाशी, कारण मुखवटा काढता-घालताना तिथंच ताण येतो. जोडावर ग्लू गनचा थेंब द्या आणि मानेपाशी काढता येणारा कनेक्टर ठेवा. आमचा नरसिंह दर प्रयोगानंतर मुखवटा उतरवून चहा प्यायचा. कनेक्टर नसता तर पॉवर बँकेसकट सगळं सोडावं लागलं असतं.