सीट लागली पण खोली नाही, वर्ष सोडू काय? निपाणीच्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार दादा,

पत्र मिळालं. मुलीला पीजीसीईटीच्या (कर्नाटकाची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) शेवटच्या राउंडला एमसीएची सीट लागली, कॉलेज व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ), बेळगावात उद्यमबागेकडं, वर्ग सुरू होऊन दीड महिना झाला, कॉलेजचं लेडीज हॉस्टेल फुल्ल आणि एजंट म्हणतोय दहा महिन्यांचं भाडं एकदम टाका, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट, वर त्याचं एक महिन्याचं कमिशन, नाहीतर खोली उद्या जाणार. आणि तुम्ही विचारताय की खोली मिळेपर्यंत पोरीला घरात ठेवू काय, का हे वर्षच सोडून देऊ.

वर्ष सोडायचं आधी डोक्यातनं काढा. पुढच्या वर्षी परत परीक्षा, परत रँक, परत केईएचे (कर्नाटकाची परीक्षा-प्रवेश बघणारी सरकारी संस्था) राउंड, आणि ते राउंड लांबले की परत असंच अर्ध्यात जाऊन बसायचं, मग फरक काय पडला? आणि घरात ठेवणं तर त्याहून वाईट, कारण व्हीटीयूला हजेरी ८५ टक्के लागते, त्यातनं फार तर १० टक्क्यांची सूट मिळते तीही कारण दाखवून अर्ज केला तर. उशिरा ॲडमिशन झालेल्यांची हजेरी कुठल्या तारखेपासनं धरणार हे एचओडींना (विभागप्रमुखांना) पहिल्याच दिवशी विचारून लेखी घ्या, तोंडी "बघू की" म्हणाले तर त्यावर राहू नका. खोली नाही म्हणून लेक्चर बुडवायचं नाही एवढं पक्कं धरा, बाकीचं जमतंय.

आता एजंटाचं. तो तुम्हाला जून महिन्याचा भाव सांगूलालाय आणि तुम्ही डिसेंबरात उभे आहात. जूनला खरंच मारामारी असते, पण वर्षाच्या मध्यात उलटं होतं, शेवटच्या वर्षाची पोरं-पोरी इंटर्नशिपला नाहीतर प्रोजेक्टला बेंगळूर-पुण्याला जातात आणि त्यांच्या कॉटा रिकाम्या पडतात. भाडं मात्र मेपर्यंत त्यांच्या गळ्यात, कारण मालक डिपॉझिट सोडत नाही. त्यामुळे त्या पोरीच बदली कोण मिळतंय काय म्हणून शोधत असतात. म्हणजे तुमच्या मुलीनं रिकामी खोली शोधायचीच नाही, रिकामी होणारी कॉट शोधायची. कुठं? एजंटाकडं नाही, कॉलेजात. एमसीएच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरी, एमबीएच्या, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या, "जानेवारीत कोण जाणार आहे?" एवढंच विचारत फिरायचं. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण टाकू दे, पण समोरासमोर विचारलेलं लवकर लागतं असा माझा अनुभव. आणि हॉस्टेलच्या वॉर्डन मॅडमना भेटून वेटिंगला नाव लिहून या, फुल्ल म्हणजे आज फुल्ल, सेमिस्टर संपलं की दोन-चार जणी जातातच.

अशी कॉट मिळाली तर एक सांभाळा. डिपॉझिट त्या जाणाऱ्या पोरीच्या हातात द्यायचं नाही, मालकाला द्यायचं, मालकानं तिचं तिला परत करायचं, आणि कागदावर नाव बदलून घ्यायचं. फोनपेवर पाठवताना रिमार्कमध्ये "डिपॉझिट" लिहा. करार कन्नडमध्ये असेल तर वाचता येणाऱ्याला बरोबर न्या, नुसती सही मारू नका, महिनाभराची नोटीस देऊन सोडता येतंय का आणि खोली सोडताना डिपॉझिटमधनं रंगाचे पैसे किती कापणार हे दोन कलम तरी वाचून घ्या. भाडं महिन्याच्या महिन्याला, दहा महिन्यांचं एकदम कोणालाच नाही. का, तर सेमिस्टर संपल्यावर हॉस्टेलला नंबर लागला तर तुमचे पैसे तिकडं अडकून बसणार.

भाग म्हणाल तर भाग्यनगर, अनगोळ, हिंदवाडी, मजगाव या बाजूला बघा. टिळकवाडी चांगलीच आहे पण भाडं जास्त. शहापूर-वडगावात जुनी घरं आहेत, माडीवरची एक खोली पोरींना देणारी माणसं तिथं भेटतात, मात्र रात्री आठला दार बंद, हे पण विचारून घ्या, कॉलेजातली लॅब उशिरा सुटत असेल तर रोज भांडण नको. नेहरू नगर, सदाशिव नगरकडं पीजी भरपूर आहेत पण ते मेडिकलवाल्यांसाठी, तिथनं उद्यमबाग म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं.

खोली बघायला गेलात की भिंतीचा रंग नंतर बघा, आधी पाणी विचारा. बेळगावात सगळीकडं चोवीस तास पाणी नाही, काही भागात दिवसाआड, काही भागात त्याहून लांब, आणि एप्रिल-मे आला की बोंब. घरात विहीर नाहीतर बोअर आहे काय, टाकी केवढी, ती कितीजणींत, हे विचारा, नळ सोडून बघा. दुसरं लाइट बिल. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घरगुती कनेक्शनला २०० युनिटच्या आत ठरलेल्या मर्यादेपर्यंत बिल शून्य येतं आणि भाडेकरूलाही ते लागू आहे, तरी काही मालक पोरींकडनं लाइटचे वेगळे पैसे घेतात. हेस्कॉमचं (इथली वीज कंपनी) मागच्या महिन्याचं बिल दाखवा म्हणायचं, नम्रपणे. पीजीचं कनेक्शन कमर्शियल असेल तर गोष्ट वेगळी.

तोपर्यंत काय? निपाणी-बेळगाव ७५ किलोमीटरच्या आसपास, शक्ती योजनेत जून २०२३ पासनं कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही, शहर बसला पण नाही, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. आधारवर निपाणीचा पत्ता आहे ना, तो दाखवायचा. पण कोल्हापूरहून येणाऱ्या गाड्यांत बसायच्या आधी विचारा, राज्याबाहेर धावणाऱ्या गाड्यांना ही सवलत नाही, आणि महाराष्ट्राच्या लाल एसटीत तर नाहीच. तरी सांगतो, सीबीटीवर (बेळगावचा मुख्य बस स्टँड) उतरून परत उद्यमबागेची बस धरायची म्हणजे येऊन-जाऊन चार तास सहज जातात, मधल्या मधे रेल्वे गेट पडलं तर अजून. पंधरा दिवस जमेल, सेमिस्टर काढायला जाल तर पोरगी आजारी पडेल. कोण पाहुणे असतील बेळगावात तर तोवर त्यांच्याकडं ठेवा, त्यात लाजायचं काय? लॉजवर राहून शोधायचा विचार असेल तर विधिमंडळाच्या अधिवेशनाचे दिवस टाळा, सुवर्णसौधला (बेळगावातली विधानसभेची इमारत) सरकार आलं की शहरात लॉज मिळणं मुश्किल आणि मिळालं तरी भाव विचारू नका.

३बी चं (कर्नाटकातला एक मागासवर्गीय गट) सर्टिफिकेट आहे म्हणालात, मग बीसीएमच्या (मागासवर्गीय कल्याण खातं) पोस्ट-मॅट्रिक लेडीज हॉस्टेलचा अर्ज केला नाही हे मला कळलंच नाही. स्टेट हॉस्टेल पोर्टलवर अर्ज असतो, जात-उत्पन्न दाखल्याचा आरडी नंबर (दाखल्यावर छापलेला क्रमांक) लागतो, तो दाखला नाडकचेरीतनं (होबळीचं महसूल ऑफिस) काढलेला आणि मुदतीतला हवा. पोर्टल बंद झालं असेल तरी बीसीएम ऑफिसात जाऊन मधल्या रिकाम्या जागांचं विचारा, मी पाठवलेल्या पोरींना तिथं नुसतं "नाही" पण ऐकायला लागलंय आणि जागा पण मिळालीय. हॉस्टेल नाहीच मिळालं तर विद्यासिरी या सरकारी योजनेचं बघा, हॉस्टेल न मिळालेल्यांना राहण्या-जेवणासाठी दर महिन्याला मदत असते, उत्पन्नाची अट आणि शेवटची तारीख तेवढी आधी बघून घ्या.

जेवणाचं फार टेन्शन घेऊ नका, खानावळी आणि घरगुती डबे त्या बाजूला चिक्कार आहेत, आधी आठवडाभर खाऊन बघू दे मग महिन्याचे पैसे भरू दे.

शेवटी स्कूटीचं विचारलंय. आत्ता घेऊ नका. भाग्यनगर-अनगोळात कॉट मिळाली तर चालत नाहीतर बसनं होतंय, आणि लांब कुठंतरी मिळाली तर फेब्रुवारीत बघा, घरातली जुनी असेल तर तीच पाठवा.